स्लो बॅचचा निकाल

"मॅडम, तुमच्या स्लो बॅचमधलं एकही मूल वर गेलं नाही. आता कमिटीला काय दाखवू?" प्राचार्यांनी टेस्टचे पेपर माझ्यासमोर टाकले. वरचाच पेपर अल्लीपूरच्या प्रणालीचा होता. नाव, रोल नंबर आणि खाली कोरा कागद. बाकीचेही तसेच.

मी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला केमिस्ट्री शिकवते. तपासणीची कमिटी येणार असली की आम्ही मुलांचे दोन भाग करतो. बारावीला भरपूर मार्क असतील तो ॲडव्हान्स्ड लर्नर, कमी असतील तो स्लो लर्नर. बारावीच्या मार्कांवरून शिकण्याची आवड कळते, असा आमचा गोड समज आहे.

ॲडव्हान्स्ड मुलं बहुतेक टाय-अपवाली. म्हणजे नाव एका कॉलेजात आणि मूल दिवसभर शिकवणीत. मेडिकल हुकलं म्हणून ती आमच्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, हे परीक्षेत येते का?" नाही म्हटलं की पेन बंद. त्यांना आम्ही लायब्ररीत 'स्वयंअध्ययना'ला बसवतो. जाड पुस्तक उघडं, आत मोबाइल.

स्लो बॅचचा रेमेडियल, म्हणजे जादा वर्ग, माझ्या वाट्याला आला, कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये. शेवटच्या टेस्टला पास होणारं मूल वर, म्हणजे ॲडव्हान्स्डमध्ये जाणार होतं. यांच्या शाळेत प्रॅक्टिकलची रीडिंग फळ्यावरून उतरवून घ्यायची पद्धत होती. ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली काचेची बारीक नळी, प्रणालीनं पहिल्यांदाच हातात धरली. नळीतून थेंब थेंब अल्कली खालच्या फ्लास्कमधल्या, इंडिकेटर घातलेल्या ॲसिडमध्ये सोडायची. एका थेंबासरशी सगळं पाणी फिकट गुलाबी होतं. प्रणालीचे थेंब जास्त पडले आणि पाणी झालं भडक राणी कलरचं. "अरे बाप!" म्हणाली आणि कुणी न सांगता फ्लास्क धुऊन पुन्हा उभी राहिली. पुढे अख्ख्या बॅचला हा नाद लागला. बस चुकेल म्हणून मी त्यांना हाकलायची.

आणि आता हे कोरे पेपर! मी प्रणालीला गाठलं.

"काऊन गं? येत नव्हतं?"

"येत होतं न मॅडम. पन पास झाली असती तं तुमी मले लायब्ररीत धाडलं असतं. तिथं कोनी शिकवूनच नाई राह्यलं."

"आणि बाकीच्यांनी?"

"सगळ्यायनं मिळूनच ठरवलं होतं."

"अगं, हे मार्क इंटर्नलमध्ये धरतात. फायनल निकालात कमी पडतील."

"पडू द्या. इथं आत्ता कुठं समजून राह्यलं मले."

मला तिचा राग आला आणि भरूनही आलं. तशीच प्राचार्यांकडे गेले. "सर, ही मुलं पास झाली तरी लॅबमध्येच राहू द्या."

"पास झालेली मुलं रेमेडियलमध्ये? कमिटी मलाच विचारेल."

"मग ॲडव्हान्स्ड बॅचलाही लॅब द्या."

"त्यांच्यातल्या कुणी मागितली का?"

ते मात्र खरं होतं. कुणीच मागितली नव्हती. पुन्हा टेस्ट घेऊ का, असं मी बॅचला विचारलं. सगळ्यांनी एकसुरात नाही म्हटलं.

कमिटी आली. लायब्ररीतली शांतता बघून खूश झाली. मला मात्र पत्र मिळालं: रेमेडियल वर्गातून एकही विद्यार्थी वर का गेला नाही, याचा लेखी खुलासा करावा.

मी एकच ओळ लिहिली. 'विद्यार्थ्यांना शिकण्यात रस निर्माण झाल्यामुळे.'

खुलासा असमाधानकारक ठरला. खाली प्राचार्यांचा शेरा होता: मुलं अद्याप स्लोच असल्यानं हीच बॅच पुढच्या सेमिस्टरलाही लॅबमध्येच चालू ठेवावी.