पिंपरी ते महाळुंगे: क्षमेची चिठ्ठी कोणी बदलून देईना

या ब्लॉगवर तुम्ही डोंगर, तळी आणि माझे गॉगल घातलेले फोटो बघायला येता, हे मला माहीत आहे. यावेळी त्यातलं काही मिळणार नाही. यावेळी मी पिंपरीहून भोसरी, चाकण करत महाळुंग्याला गेले. अंतर तीसेक किलोमीटर, मुक्काम एक, सोबत पप्पा. लडाखला जाऊन आले तेव्हाही मी इतकी दमले नव्हते.

कारण सांगते. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन आमची मोठी उपासना असते. येशू क्रूसावर असताना सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर सात जण एकेक करून बोलतात. प्रत्येकी दहा मिनिटं, असं निदान कागदावर असतं. महाळुंग्याची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, लहान, तिथे सात वक्ते जमत नाहीत, म्हणून पिंपरी-भोसरीतून माणसं मागवतात. कोणी कशावर बोलायचं यावरून दरवर्षी रुसवेफुगवे व्हायचे, म्हणून तिथल्या तरुण पाळकसाहेबांनी यंदा सगळ्या वक्त्यांना बोलावून जेवणाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. पप्पांना पहिला उद्गार निघाला. खिळे ठोकणाऱ्यांना क्षमा कर, आपण काय करतोय ते त्यांना कळत नाही, असं येशू आपल्या स्वर्गातल्या बापाला सांगतो, तो.

"हा नको," पप्पा घरी येऊन म्हणाले. "बदलून घेऊ."

पप्पा फिटर म्हणून निवृत्त झाले. जगातली कुठलीही ड्यूटी बदलून मिळते यावर त्यांचा देवाखालोखाल विश्वास आहे. आयुष्यभर त्यांनी नाइट देऊन फर्स्ट घेतली, दिवाळी देऊन नाताळ घेतला. मग क्षमा देऊन दुसरं काहीतरी का मिळू नये, असा त्यांचा साधा हिशेब होता. आणि त्यासाठी ड्रायव्हर म्हणून मी होतेच.

खरी अडचण वेगळी होती. पप्पांचे धाकटे भाऊ, योसेफकाका, महाळुंग्याच्याच मंडळीत आहेत. पूर्वी दोघं पिंपरीच्या एका कंपनीत होते. मी शाळेत असताना तिथे संप झाला. पप्पा गेटबाहेर मंडपात बसायचे, आणि दुसऱ्या महिन्यात एका सकाळी कंपनीच्या बसमधून योसेफकाका गेटच्या आत गेले. खिडकीतून दोघांची नजरानजर झाली म्हणे. संप फुटला, काकांची नोकरी राहिली, पप्पांची गेली आणि त्यांना दुसऱ्या कंपनीत नव्याने लागावं लागलं. तेव्हापासून बोलणं बंद. आजीच्या दफनाला दोघांनी कबरीच्या दोन बाजूंनी माती टाकली आणि दोन वेगळ्या फाटकांनी बाहेर पडले. त्या संपाला आता पंधरा वर्षं झाली. त्या भावासमोर उभं राहून क्षमेवर बोलायचं म्हणजे पप्पांची पंचाईत होती, हे मला कळत होतं. पण मनातून मला बरंही वाटत होतं. आता तरी काकांना माफ करतील, असं वाटत होतं.

गुरुवार

हा प्रवास करायचाच असेल तर गुरुवारी करा. भोसरीतल्या बहुतेक शॉपना त्या दिवशी सुट्टी असते आणि नाशिक रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जाते, जी एरवी जात नाही. आम्ही नऊला निघालो, भोसरीत मिसळ खाल्ली. नव्वद रुपये, तर्री हवी तितकी, पाव मऊ. उद्या उपास म्हणून पप्पांनी आजच दोन दिवसांचे पाव खाऊन घेतले.

पहिला थांबा दानिएलभाऊ. यांचं एमआयडीसीत दोन लेथचं शॉप आहे आणि सुट्टी असूनही ते तिथेच मशीन पुसत होते. त्यांच्याकडे पाचवा उद्गार होता, येशू तहान लागली म्हणतो तो.

"सलाम, भाऊ," दानिएलभाऊ म्हणाले.

"सलाम. तुझा पाचवा मला दे, माझा पहिला तू घे," पप्पांनी स्टुलावर बसायच्या आधीच सांगून टाकलं. "पहिला मानाचा असतो."

"मानाचा हाय तर तुमच्याकडंच असू द्या की."

"पुढच्या वर्षी तू म्हणशील तो देईन."

"न्हाई जमायचं, राव. मी महिनाभर तयारी केलीय." त्यांनी आम्हाला तयारी दाखवलीसुद्धा. पाण्याने भरलेला काचेचा ग्लास समोर ठेवायचा, दहा मिनिटं बोलायचं आणि घोटभरही प्यायचं नाही. "ऐकणाऱ्याचा घसा कोरडा पडला पायजे," ते म्हणाले. मी विचारलं, मग सांगणार काय? तेव्हा हातातलं फडकं बाजूला ठेवून म्हणाले, "एवढंच, की देवाच्या पोरानं पाणी मागितलं. तेबी कुणाकडं, तर खाली उभ्या असलेल्या शिपायांकडं. मागायला त्याला लाज वाटली न्हाई. आपल्याला वाटती."

पप्पा लेथकडे बघत बसले. मग उठून म्हणाले, "ग्लास स्टीलचा घे. काचंचा फुटंल."

मोशी ओलांडून चाकणला पोचायला तास लागला. मार्थाआत्या, पप्पांची चुलत बहीण, कांद्याच्या बाजारामागे राहते. आत्या निवृत्त नर्स आहे. तिच्या गल्लीत शिरलं की कोणाचेही डोळे पाणावतात आणि पाहुणे फार भावुक झालेत असा शेजाऱ्यांचा समज होतो. तिच्याकडे तिसरा उद्गार होता. येशू आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली करतो, तो.

"आक्का, आईवर मी चांगलं बोलतो," पप्पांनी चहाच्या पहिल्या घोटालाच विषय काढला.

"तुझी आई चार वर्षं अंथरुणाला होती, तिचं कुणी केलं?"

पप्पांनी चहावर फुंकर मारली.

"तुझ्या बायकोनं केलं. तिला बोलव, तिला देते मी माझी चिठ्ठी. तुला न्हाई."

मी चहात बघून हसले. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी सहाव्या उद्गाराचे गृहस्थ कुठे राहतात ते विचारलं, तेव्हा आत्याने कप खाली ठेवला. "शमू, सहाही दारं फिरलास तरी तेच होणार. तुला उद्गार नकोय का योसेफ समोर नकोय, ते एकदा ठरव."

"योसेफचं इथं काय हाय?"

"काही न्हाई ना? मग घोर कशाला करतोस. उद्या त्याची फर्स्ट शिफ्ट हाय, त्याच्या कंपनीला गुड फ्रायडेची सुट्टी न्हाई. अडीचला सुटतो, बसनं यायला तीन. तू बाराला बोलून मोकळा. तो तुझं तोंडसुद्धा बघायचा न्हाई."

खरं सांगते, पप्पांचा चेहरा असा उजळला की मलाच वाईट वाटलं. सहाव्या गृहस्थांचा विषय तिथेच संपला. दुपारी जेवताना त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या, बाजारातून कांदे घेऊन ये म्हणून मला पिटाळलं, कांदे आणल्यावर ते कसे ओले आहेत ते दाखवलं. मी मात्र आत्यावर चिडले होते. भांडी घासताना तिला म्हणाले, "कशाला सांगितलंस? समोरासमोर आले असते तर माफ तरी केलं असतं."

आत्या म्हणाली, "खिळे मारणाऱ्यांपैकी कुणी माफी मागायला आलं होतं का, रूथ? तरी त्यानं केलीच ना. माफ करायला समोरचा लागत न्हाई. तुझ्या बापाचं दुखणं दुसरं हाय."

मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी पप्पा वही घेऊन ओट्यावर बसले. पाच पानं लिहून आणली होती. त्यातलं एकही त्यांनी उलटलं नाही.

शुक्रवार

चाकण ते महाळुंगे हा रस्ता फार लांबचा नाही, पण नव्या कोऱ्या गाड्या लादून निघालेले लांबलचक ट्रेलर आणि कंपन्यांच्या बस यांच्या मधून तो करायचा असतो. आम्हाला पाऊण तास लागला. उपास असल्याने वाटेतल्या वडापावांची माहिती या पोस्टमध्ये नाही, क्षमस्व.

उपासना हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होती. चपला जिन्यात काढायच्या. साठेक खुर्च्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुढे दोन पुरुष उंचीचा क्रूस. तो मंडळीतल्याच एकाने मशीनच्या पॅकिंगच्या लाकडाचा केलाय आणि उभ्या फळीवर वरची बाजू दाखवणारा काळा बाण तसाच राहिलाय. मी पाळकसाहेबांना त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "घासून काढायचं ठरलं होतं. पण बाण बरोबर दिशेला आहे म्हणून राहू दिला."

बाराला प्रार्थना झाली, गीत झालं. पाळकसाहेबांनी पहिल्या उद्गारासाठी पप्पांचं नाव घेतलं. पप्पा जागेवरच उभे राहिले.

"साहेब, मी शेवटी बोलतो."

"पण पहिला उद्गार आहे हा, काका. क्रम आहे."

"क्रम म्हाईत हाय. पण एक माणूस यायचाय."

सगळ्यांनी हातातले छापील कागद बघितले, जणू त्यात तो माणूस लिहिला असेल. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं की असं कधी झालं नाही. मी आत्याकडे बघितलं. ती समोर बघत होती, पण तिने माझा हात धरला.

तर यंदा महाळुंग्यात येशू दुसऱ्या उद्गारापासून बोलला. आत्याने आईवर बोलताना तीन बायकांना रडवलं. चौथे वक्ते पंचवीस मिनिटांनी बसले. दानिएलभाऊंचा ग्लास स्टीलचा होता. सातवा उद्गार संपला तेव्हा तीनला वीस मिनिटं होती. पाळकसाहेबांनी पप्पांकडे बघितलं.

"बस सुटली असंल," पप्पा म्हणाले. "थोडं थांबू."

एक गीत म्हटलं. मग त्यातली गाळलेली कडवीही म्हटली. पेटीवाल्याने कपाळ पुसलं. एरवी मी अशा वेळी मोबाइल काढते, त्या दिवशी मी जिन्याकडे बघत होते. तीनला दोन-तीन मिनिटं असताना योसेफकाका आले. करडा कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. दारातच सेफ्टी शूज काढून ते शेवटच्या खुर्चीवर बसले. त्यांना वाटलं असेल, शेवटच्या प्रार्थनेला तरी पोचलो.

पप्पा पुढे गेले. वही खुर्चीवरच राहिली.

"मी हा उद्गार काल भोसरी ते चाकण वाटत फिरलो," ते म्हणाले. "कुणी घेतला न्हाई." थोडा हशा पिकला. "आपण समदे क्रूसाकडं बघतो तवा आपलं दुखणं त्याच्यावर टांगतो. मला अमक्यानं दुखावलं, तमक्यानं दगा दिला. मीबी तसंच बघायचो. पण मी फिटर माणूस. खिळा आपोआप जात न्हाई, कुणीतरी हातोडा धरावा लागतो. ते शिपाईबी ड्यूटीवरच असतील. वरून हुकूम असंल, घरी पोरं असतील. त्यांच्यासाठी येशूनं शब्द टाकला, की यांना कळत न्हाई."

पुढचं बोलताना आवाज एकदम खाली आला.

"माझा भाऊ मागं बसलाय. संपात तो गेटच्या आत गेला, मी पंधरा वर्षं त्याच्याशी बोललो न्हाई. तवा त्याची बायको दवाखान्यात होती, पोर जगतंय का न्हाई कळत नव्हतं. मला ते म्हाईत होतं. आदल्या दिवशी आईनं सांगितलं होतं मला. म्हाईत असून मी त्याला मंडपातून गद्दार म्हटलं, चारचौघांत, मोठ्यानं. अन् घरी सांगितलं, मला काय ठाऊक नव्हतं. त्या शिपायांना कळत नव्हतं. मला कळत होतं. योसेफ, माफ करायचं असतं तर तुझ्याबिगर जमलं असतं. माफी मागायचीय, म्हणून थांबलो."

एवढंच बोलले. दोन मिनिटंही झाली नसतील. मला आयुष्यभर माहीत असलेली गोष्ट उलटी झाली होती, आणि मला माझ्या वडिलांची लाज वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकाच वेळी. त्यातलं कुठलं जास्त, ते मला अजून सांगता येत नाही.

योसेफकाका धावत आले नाहीत. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. उपासना संपल्यावर लोक खुर्च्या रचत होते तेव्हा ते पप्पांसमोर येऊन उभे राहिले. पप्पांच्या मनात बसमधला काळ्या केसांचा भाऊ असणार. समोर होते त्यांचे केस सगळे पांढरे होते.

"पोर गेलं ते, दादा," काका म्हणाले. "तुला ते म्हाईत हाय का?"

"हाय."

काकांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "बघू." आणि जिना उतरून गेले.

परत

येताना शिफ्ट सुटायची वेळ, त्यामुळे पिंपरीला पोचायला सव्वादोन तास. शुक्रवारी संध्याकाळी हा रस्ता शत्रूलाही सुचवू नका. पप्पा सगळी वाट खिडकीतून बसच्या खिडक्यांकडे बघत होते. मी एकदाच विचारलं, "पप्पा, काकांनी माफ नाही केलं तर?" ते म्हणाले, "त्याचा हक्क हाय तो."

मी लहानपणापासून क्रूस बघतेय. भिंतीवर, मम्मीच्या गळ्यात, आजीच्या कबरीवर. बघताना मी कायम वरच्या माणसाकडे बघितलं, खाली हातोडा घेऊन कोण उभं होतं याचा विचार कधी केला नाही. तिथे आपल्या घरचं कोणी असेल, असं तर मनातही आलं नव्हतं. या प्रवासातून मी एवढं घेऊन आले. फोटो एकही नाही.

ईस्टर होऊन आठ दिवस झाले. काकांचा फोन आलेला नाही. काल जेवताना मम्मी न राहवून म्हणाली, "अहो, मग तुम्हीच करा की."

"न्हाई," पप्पा म्हणाले. "मी त्याला पंधरा वर्षं लावली. त्याला पायजे तेवढी त्यानं लावावी."

मग हात धुऊन आले, फोन चार्जिंगला लावला आणि त्याचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला.