तेजउडीचा धनी

माझा मामा छापखान्यात खिळे जुळवायचा. एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ भरायची, हे काम त्यानं तीस वर्षं केलं. वर्गमित्र त्याला खिळ्याच म्हणत. त्यांतलाच एक पुढे कथाकार झाला. अंतराळातल्या कथा लिहायचा. मासिकात छापून यायच्या त्या मामाच जुळवायचा.

लेखकाच्या अक्षराला हात लावायचा नाही, हा मामाचा धर्म. तो एकदाच मोडला. कथेचं शेवटचं पान दोन ओळी जास्त भरत होतं, कथाकार गावाला गेलेला आणि यंत्र खोळंबलेलं. कथेतलं यान सारखं ‘प्रकाशालाही मागे टाकणाऱ्या वेगाने झेप’ घ्यायचं. त्या एका पानावर तीनदा! मामानं तिन्ही ठिकाणी स्वतःच्या डोक्यातला एक शब्द घातला: तेजउडी. पान बसलं.

कथाकार आला तो आग पाखडतच. “खिळ्या, माझ्या कथेत तुझी अक्कल कशाला पाजळलीस?” मामानं मान खाली घालून माफी मागितली.

पण वाचकांनी शब्द उचलला. पोरं खेळात तेजउड्या मारू लागली. आजी मला म्हणायची, “तेजउडीनं जा नि साबण घेऊन ये.” कचेरीतला कारकून लोकांवर खेकसायचा, “फाइल काय तेजउडीनं येणार आहे?” जन्मात एक कथा न वाचलेल्यांच्याही तोंडी तो रुळला. मग कथाकारानं पुढच्या पुस्तकाला तेच नाव दिलं. मामाला म्हणाला, “योग्य वेळ आली की तुझं नाव घेऊन सांगतो सगळ्यांना.” मामा म्हणजे भोळा सांब. चारचौघांत एकदा कुणी तेवढं म्हणावं, याहून त्याला काही नको होतं.

बावीस वर्षांनी शब्दकोशात तेजउडी आली आणि कथाकाराचा सत्कार झाला. मामा इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसला, शेजारी मी. कथाकार उभा राहिला. म्हणाला, खिडकीशी बसलो होतो आणि शब्द आपोआप सुचला. टाळ्या झाल्या. मामानंही वाजवल्या, याचा मला आजही राग येतो.

नंतर चहाच्या टेबलापाशी त्यानं मामाच्या खांद्यावर हात टाकला. “हा आमचा खिळ्या. माझा तो शब्द पहिल्यांदा यानंच जुळवला बरं का!” सगळे कौतुकानं हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर पडताच मी म्हणाले, “मामा, तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का? निदान खोटारडा तरी म्हणायचंस त्याला!”

“खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात,” मामा म्हणाला. “शाळेपासून बघतोय मी.”

“मग?”

“आज नाही झाले गं.”