आमच्या दारापाशी थांबलेलं भजन

माझा स्वभाव मुळातच काळजीचा. घराला कुलूप लावून निघाले तरी चार पावलांवरून परत येऊन ते ओढून बघणारी मी. त्यामुळे यंदा बाबा गेल्यावर आईने अंथरूण धरलं, तेव्हा माझ्या जिवाला केवढा घोर लागला असेल, याची कल्पना माझ्यासारख्याच एखादीला येईल.

माझं माहेर नेवाशाजवळच्या एका खेड्यात. तिथे ख्रिस्ती घरं मोजकीच, पण ईस्टरची पहाट मात्र सगळ्या गावाला ठाऊक. उजाडायच्या आधी मंडळी चर्चमधून निघतात आणि प्रभू मेलेल्यांतून उठला, असं गात दारोदार फिरतात. पुढे बाबांची ढोलकी आणि शेजारी आईचे टाळ. त्या दोघांशिवाय ती फेरी मी कधी पाहिलेलीच नव्हती.

मी नगरला शाळेत शिकवते. नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी मी बहाई धर्म स्वीकारला. घरात त्यावरून आदळआपट झाली नाही. आमचे मार्चमधले उपास आणि आईचे ईस्टरआधीचे लेंटचे उपास बहुधा बरोबरच यायचे. संध्याकाळी आम्ही फोनवर एकमेकींची चौकशी करायचो. बाबा मागून हसत म्हणायचे, "देव एकच हाय, तुमी दोघी मिळून त्याला उपाशी मारू नका." त्याच दिवसांत यंदा ते झोपेतच गेले.

दफनाच्या वेळी आई रडली नाही. घरी येऊन दार लावून भिंतीकडे तोंड करून पडली, ती पडलीच. डॉक्टर म्हणाले, तसा आजार काही नाही, पण पोटात अन्न नसेल तर या वयात शरीर कुठवर साथ देणार? उत्तम शुक्रवारपासून, म्हणजे गुड फ्रायडेपासून तर ती पाण्याशिवाय काहीच घेईना. त्या दुपारी मी पेज घेऊन बसले होते, तेव्हा तिने एकदम विचारलं, "खरं सांग. येशू उठला का न्हाई?"

मी चमचा खाली ठेवला. ती पुढे म्हणाली, "तो उठला नसंल तर तुझा बाप बी उठायचा न्हाई. अन् उठला, तर आमी समदे उठू त्या दिशी तू आमच्यात नसशील, तू तर बहाई. मग मी कुनासाठी खाऊ?"

काय सांगणार होते मी? आम्ही बहाई लोक येशूला देवाकडून आलेला मानतो. त्याचं जगणं आणि त्याचं मरण, दोन्ही आम्हाला पवित्र. पण कबरीतून त्याचं शरीर उठलं, असं आम्ही समजत नाही. तो क्रूसावर गेला आणि त्याचे शिष्य भेदरून दार लावून बसले. त्याचं कार्यच जणू प्रेत होऊन पडलं. तिसऱ्या दिवशी त्यांना धीर आला, ते उठून लोकांत गेले आणि ते कार्य पुन्हा जिवंत झालं. पुनरुत्थान ते हेच, अशी आमची समजूत. सभेत हे मी किती सहज बोलते! आईसमोर मात्र तसं नव्हतं. तिच्या अर्थाने हो म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, आणि नाही म्हणणं म्हणजे तिची उरलीसुरली आशा काढून घेणं. "आई, दोन घोट पेज घे गं," एवढंच मी म्हणाले. तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

शनिवार मी कसा काढला, माझं मला माहीत. दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघत होते. कोणते शब्द वापरू, म्हणजे ती खाईल आणि मीही खोटी पडणार नाही, हेच डोक्यात घोळत होतं. प्रार्थनेला बसले तरी तेच. शेवटी थकून म्हटलं, देवा, माझ्याजवळ उत्तर नाही. आता तूच बघ.

रविवारी पहाटे लांबून भजन ऐकू आलं. ढोलकी नव्हती, नुसत्या टाळ्या. आवाज जवळ येत शेजारच्या घरापर्यंत आला आणि एकाएकी थांबला. मग फक्त पावलं वाजू लागली. माझ्या लक्षात आलं. आमच्या घरी दुःख, म्हणून मंडळी मायेनेच न गाता पुढे चालली होती. आईने ही एकच गोष्ट कान लावून ऐकली असणार, आणि तीही तिच्याच दाराशी मुकी झाली होती.

"का गं थांबले?" आई म्हणाली.

"आपल्याकडे दुःख आहे ना, म्हणून."

ती उठून बसली. "ज्या घरातलं मानूस गेलं, त्याच्या दारातनं मुकं जात्यात व्हय? अगं, म्हनायचं तर हितंच म्हनायचं!"

मी धरायच्या आत ती भिंतीच्या आधाराने दाराशी पोचली आणि तिने कडी काढली. "अहो पाळकसाहेब!"

चर्चचे नवे तरुण पाळक ओशाळले. "मावशी, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"तरास कसला? माज्या नवऱ्यानं जल्मभर वाजवलं, ते काय दुसऱ्याच्याच दारापुरतं? म्हना!"

बायांनी डोळ्यांना पदर लावले आणि गायला सुरुवात केली. आई म्हणाली, "माजे टाळ आन. अन् ढोलकी बी." टाळ तिने घेतले. ढोलकी घ्यायला कोणीच पुढे होईना, म्हणून मीच ती गळ्यात अडकवली. लहानपणी बाबांनी थोडंफार शिकवलं होतं, त्यातलं निम्मं हात विसरले होते. माझा ठेका चुकायचा आणि आई टाळाने सांभाळून घ्यायची. अशा आम्ही पुढच्या दोन घरांपर्यंत गेलो.

तिथे ती ओट्यावर टेकली. त्या घरच्या बाईंनी वाटीत शेवयांची खीर दिली. आईने ती संपवली आणि माझ्याकडे वळली. "आता सांग. उठला का न्हाई?"

"उठला, आई."

"माज्या समजुतीनं, का तुज्या?"

"माझ्या."

तिने रिकामी वाटी खाली ठेवली. "बरं. पन ढोलकीचा सराव कर. पुढल्या वर्षी आसलं चालायचं न्हाई."

पुढल्या वर्षी! ते दोन शब्द ऐकून मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

आई अजून माझ्या मताला आलेली नाही आणि मी तिच्या नाही. बाबा कुठे भेटतील, कसे भेटतील, यावर आमचं एकमत होईल असं वाटत नाही. मी मात्र शब्द शोधत बसले होते, आणि जे करायचं ते माझ्या शब्दांवाचूनच कोणीतरी करून गेलं. त्याचे आभार मी रोज मानते. काळजी अजून सुटलेली नाही, कुलूप अजूनही ओढून बघते. पण शाळेतून आले की ढोलकी काढते. शेजारी कावतात. आई फोनवर ऐकते आणि म्हणते, "चुकतंय. परत वाजव."