मालिशच्या वेळेची गाडी

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी धानपट्ट्यातल्या आमच्या गोरेगावला, माहेरी आली, त्या हिवाळ्यात आमच्या घरातले सारे आवाज एका तान्ह्या जिवाच्या मापाचे झाले. भांडी जपून ठेवायची, दाराची कडी अलगद लावायची, फोन उशीखाली. दुपारी मागच्या खोलीत उन्हाचा एक पट्टा फरशीवर उतरे, त्यात ओव्याच्या धुरीचा निळसर धूर तरंगत राही, आणि त्याच पट्ट्यात पाय पसरून बसलेली मावशी बाळाला तिळाच्या तेलाने मालिश करी.

ही मावशी आमच्या नात्यातली नव्हे. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला तिचे घर, घरची धानाची शेती. बाळ-बाळंतिणीचे करायला तिला गावभरातून बोलावणे येई. आमचे बाळ दिवसरात्र किरकिरत असे. दिवसातून एकदाच, तिच्या हाताखाली, त्याच्या मुठी उघडत आणि त्यानंतर ते गाढ झोपे. त्या झोपेत माझी मुलगी झोपे. घरातली तेवढीच खरी विश्रांती होती.

त्या विश्रांतीवरच घाला येई तो रस्त्यावरून. सायलेन्सर बदललेली एक मोटरसायकल कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी येऊन थांबे, आणि वळून परत जाताना फटाक्यांची लड लागावी तशी तडतडे. खिडकीची काच थरथरे. मावशीच्या पायांवरचे बाळ दोन्ही हात हवेत फेकून, बोटे फाकून दचके, आणि मग रडणे संध्याकाळपर्यंत पुरे.

मावशीचे तोंड फाटके होते. आमच्या मांजरापासून सरकारपर्यंत तिच्या शिव्यांतून कोणी सुटत नसे. दूधवाल्याला तर ती रोज नव्याने स्मशानात पोचवी. पण त्या गाडीचा आवाज आला की बाळाला छातीशी धरून एवढेच म्हणे, "पोट्टं व्हय कोनाचं तरी. समजंल त्याले हळूहळू."

हा मऊपणा मला खटकला. दूधवाल्याला स्मशान आणि ह्याला नुसती समज?

मग मुलीनेच एक गोष्ट बोलून दाखवली. "आई, तू नोटीस केलंस का? गाडी आधी येते, मग मावशी येते. मावशी बसली की गाडी जाते."

त्यानंतर मी मावशीकडे पाहण्याऐवजी तिला निरखू लागले. ती आत येई तेव्हा तिच्या पदराला तेलाच्या वासाखाली पेट्रोलचा बारीक वास असे. एवढे अंतर चालून आलेल्या बाईला धाप कशी लागत नाही? एकदा सहज विचारल्यासारखे विचारले, "मावशी, त्या गाडीवाल्याला तुम्ही ओळखता का?"

तिने हाताला तेल चोळले. "गावात गाड्या काय कमी हायेत, बाई? मी कोनाकोनाले ओळखू?"

उत्तर देताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाळवणाचे निमित्त करून गच्चीवर गेले. गाडी गिरणीपाशी थांबली. मागून मावशी उतरली, हातात तेलाच्या बाटलीची पिशवी. तिच्याच तोंडवळ्याच्या मुलाने तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून वाकून सावरून दिला. क्षणभर ते दृश्य फार सुंदर होते. मी फोनवर फोटो काढला. मावशी आत येऊन बसेपर्यंत तो गिरणीपाशी रेंगाळला, मग त्याने गाडीची मूठ पिळली.

मुलगी म्हणाली, "आई, मावशीच्या मुलाची कंप्लेंट? उद्यापासून ती आलीच नाही तर? बाळाचं काय करायचं?"

"आणि ही गाडी रोज आली तर बाळाचं काय करायचं?"

"पहिले तिलाच बोल ना सीधा."

"विचारलं. ती खोटं बोलली."

पोलीस ठाण्याच्या भिंतीवर पाटी होती: सायलेन्सरमध्ये बदल करणे, कर्कश हॉर्न बसवणे हा गुन्हा आहे, नागरिकांनी कळवावे. आत बसलेल्या हवालदाराने समजावले की गाडीचा क्रमांक, जागा, वेळ आणि जमल्यास फोटो एवढे पुरे. परिवहन कार्यालयातही कळवता येते. गाडी तपासतात, दंड होतो, बदललेला सायलेन्सर काढायला लावतात. "आपका नाम बाहर नहीं जाएगा, मॅडम," असे म्हणून त्याने माझ्या नावाखाली दोनदा रेघ ओढली. ती रेघ मला आवडली नाही.

फोटोतली मावशी मी आधीच कापून टाकली होती. तरी कडेला पदराचा हिरवा काठ राहिला होता. हवालदाराने फोन डोळ्यांजवळ नेला. "मागे कोण आहे हे?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

आता खोटे बोलणाऱ्या आम्ही दोघी होतो.

काही दिवसांनी आवाज थांबला, आणि त्याच दिवशी मावशीही आली नाही. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत भिंतीवर चढला. मी बाळाला पायांवर घेतले, तेल लावले. माझ्या हातांखाली ते अधिकच आखडले आणि रडत राहिले. मुलीने त्याला माझ्या पायांवरून उचलून घेतले. 

दुसऱ्या दुपारी मावशी चालत आली. चेहरा घामाने ओला. पाणीही न घेता बसली, बाळाला घेतले, तेल कोमट आहे का पाहिले. बाळाच्या मुठी उघडल्यावर म्हणाली, "फोटो काढायचा व्हता तं मले सांगायचं व्हतं. पदर तरी नीट घेतला असता."

मुलीने हातातली वाटी खाली ठेवली.

"माह्या पोराले ठान्यात तो फोटो दाखवला त्याईनं. गच्चीवरून काढला हे आंधळ्यालेई समजंल. अन् मले अर्धी काऊन कापली?"

"तुमचं नाव येऊ नये म्हणून."

"काठ राहिला ना. कापाले येत नाई तं कापू नये." तिने बाळाला उपडे केले. "मी त्याले रोज सांगून राहिली व्हती, कोपऱ्यावर उतरव, बाळ हाय तिथं. ऐकलं फक्त उतरवण्यापुरतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"आपलं पोट्टं आपल्याच तोंडानं कोन सांगते, बाई?" ती थांबली. "उद्या येऊ का नको, तेवढं सांगा."

"या, मावशी."

"येतो मंग."

हात नेहमीसारखेच फिरत होते. तरी मी दारातून हलले नाही. तळव्याचा दाब वाढतो का, बाळाच्या पाठीवर बोटांचे वळ उठतात का, पाहत राहिले. बाळ झोपले. त्याच्या शेजारी मुलगीही लवंडली.

पुढच्या दुपारपासून मुलगा मावशीला थेट आमच्या फाटकाशी सोडू लागला. गाडीला मूळचा सायलेन्सर परत बसला होता, आवाज साधा होता. पण गिरणीपाशी येताच तो गाडी बंद करी, आईला तशीच मागे बसवून दोन्ही पायांनी गाडी ढकलत फाटकापर्यंत आणी, आणि तशीच ढकलत परत नेई. गल्ली ओट्यांवर येऊन पाहू लागली.

"काऊन रे, पेट्रोल संपलं का?" समोरच्या घरातली बाई ओरडली.

"नाई, काकी," तो म्हणाला, माझ्या खिडकीपर्यंत पोचेल एवढ्याच आवाजात. "बाळ झोपलं हाय ना."

बाळ अजून मावशीच्या पायांवरही गेले नव्हते. मी पडद्याआड उभी राहून त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. तो हसत होता की उन्हाने डोळे बारीक करत होता, हे तेवढ्या अंतरावरून कळत नव्हते.