मावशीनं घेतलेलं नाव

धुराचा वास आला की रानमावशी तव्यावरची भाकरी तशीच सोडून उठायची. "ह्यो चुलीचा धूर न्हाई," एवढंच म्हणायची आणि हिरवी डहाळी मोडून टेकडीच्या वाटेला लागायची. मागून गावातल्या बाया. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी झाडाखालचा पाला पेटवलेला असायचा आणि जाळ रानात शिरलेला. डहाळ्यांनी झोडपून झोडपून त्या तो विझवायच्या.

लातूरहून बदली होऊन मी किनवटकडच्या त्या गावच्या शाळेत गेलो आणि तिच्याच घरी भाड्यानं राहिलो. नवरा केव्हाच गेलेला. घरात ती आणि एकुलता एक विलास. पहिल्या उन्हाळ्यात मीही डहाळी घेऊन गेलो. परतताना माझं काळं झालेलं तोंड बघून ती पोट धरून हसली. "सर, आता तुमी आमच्यातले!"

साग, मोह, धावडा, तेंदू, मोर, अस्वलं. निम्म्या गावाचं पोट त्या रानावर. ते राखायचं गावानंच ठरवलं होतं. वाळलेलं सरपण सगळ्यांचं, उभ्या झाडाला कुऱ्हाड नाही, राखणीला दर घराची पाळी. शेजारच्या गावचे लोक भांडायला आले की मावशी आधी पाणी पुढं करायची. "बसा. रान तुमच्याबी लेकरायचं हाय."

एका पहाटे राखणीची पाळी तिची होती. ओढ्याकाठी साग तोडणारे तिघं तिला दिसले. दोघं परके होते, ते पळाले. तिसरा विलास.

दुपारी पारावर गाव जमलं. साग तुटलेला दिसला होता, पण कोणी तोडला, ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ती गप्प राहिली असती तर विषय तिथंच संपला असता. मावशी उठली. "माझा विलास होता." गावानं त्याला वर्षभर रान बंद केलं. त्याच संध्याकाळी तो बॅग घेऊन निघाला. तिनं बांधून दिलेली भाकरी त्यानं ओट्यावरच ठेवली. "माय हायीस तर गप बसायचं होतंस," म्हणाला.

हैदराबादेत बांधकामावर आहे, एवढंच पुढं कळलं. नंबर त्यानं बदलला होता. तरी रविवारी मावशी माझ्यापुढं मोबाईल धरायची, "लावा की सर." मी लावायचो. मग माझ्या तोंडाकडं बघून तीच म्हणायची, "काम करून राह्यला असंल."

एकदा मी विचारलं, "मावशी, चुकलं असं वाटतं का?"

"न्हाई. पर चुकलं असतं तर बरं झालं असतं, सर. माफी तरी मागितली असती त्याची."

यंदाच्या उन्हाळ्यात जाळ विझवता विझवता ती खाली बसली, ती उठलीच नाही. निरोप फिरत फिरत पोचून विलास आला तेव्हा राखही सावडून झाली होती.

"सर, माय रागात होती का माझ्यावर?"

"नाही रे. एक दिवससुद्धा नाही."

तो ओट्यावर बसला आणि लहान लेकरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी परत निघाला. थांब म्हणावंसं फार वाटलं. पण कुणासाठी थांबायचं, ते मला सांगता येईना.