हाताला लागतंय

गाडीच्या बॉनेटवरून ते उलट्या हाताची बोटं फिरवायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळावरून आई फिरवते तशी, सावकाश, डोळे मिटून. मग म्हणायचे, "हाताला लागतंय." म्हणजे रंगावर कुठंतरी अजून धूळ आहे आणि पॉलिशची डबी उघडायची वेळ आलेली नाही.

नेवाशाजवळच्या एका साखर कारखान्यात मी टायपिस्ट होते आणि ते चेअरमनसाहेबांच्या काळ्या गाडीचे ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून गॅरेजची पत्र्याची शेड समोर दिसायची. टायपिंग करता करता मी त्यांनाच बघत असायची.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि गॅरेजचा नळ बंद झाला. प्यायचं पाणी टँकरनं येत होतं, तिथं पाईप लावून गाडी धुवायची म्हटलं तर लोकांनी दगड मारले असते. बाकीचे ड्रायव्हर कोरड्या फडक्यानं गाड्या पुसू लागले. मामांना ते बघवायचं नाही. "धूळ पुसायची न्हाई, बाई," ते मला सांगायचे. "पुसली की ती रंगाला वरबाडती. धूळ उचलायची."

कशी उचलायची, ते तुम्ही बघायला हवं होतं. सकाळी पत्रा तापायच्या आत, रंग गार असताना ते सुरुवात करायचे. आधी पिसांच्या कुंच्यानं वरची धूळ हलकेच झटकायची. मग तांब्याभर पाण्यात मऊ फडकं भिजवून घट्ट पिळायचं, रंगावर नुसतं पसरून ठेवायचं आणि धूळ भिजेपर्यंत थांबायचं. मग एकाच दिशेनं उचलायचं, घडी उलटायची, कोरी बाजू पुढच्या हातभर जागेवर. डांबराच्या ठिपक्यांना रॉकेलचा बोळा. पाखरांनी घाण केली असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून मामा विडी ओढत बसायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "त्याला सुटायचं आसंल तवा सुटंल." शेवटी दुसऱ्या फडक्यानं कोरडं करून ते उलटी बोटं फिरवायचे. ऑफिसात सगळे म्हणत, मामा चूळ भरायच्या पाण्यात बस धुतील.

फडकी त्यांच्या बायकोच्या जुन्या लुगड्यांची होती. "घरची म्हनती, माज्या लुगड्यानं सायबाची गाडी नटती, मला कधी बसवली का तीत?" हे सांगताना मामा गालात हसायचे. मामी पूर्वी दुपारी भाकरी घेऊन यायच्या आणि मामांचं जेवण होईपर्यंत माझ्या खिडकीशी बोलत उभ्या राहायच्या. दुष्काळात त्या पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागल्या आणि दिसेनाशा झाल्या.

उन्हाळ्यात एका दुपारी त्या कामावरच पडल्या. घरी आणल्यावर उलट्या थांबेनात. साहेबांनी स्वतः सांगितलं, माझी गाडी काढ आणि नगरला ने. मागच्या सीटवर मामी आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलेली त्यांची धाकटी बहीण. घोडेगाव मागं पडलं, पांढरीचा पूल गेला. मामा म्हणे कधी नव्हे इतकी गाडी पळवत होते. इमामपूरच्या घाटात मागून मेहुणी म्हणाली, "दाजी, आता हळू चालवली तरी चालंल."

हे मला त्यांनीच सांगितलं, नंतर, गाडीच्या दारापाशी उकिडवं बसून. आवाजात काही नव्हतं. "मंग मी हळू चालवली," ते म्हणाले. "घाटात गाडी वळवता येत न्हाई. वर गेलो, मंग वळवली."

दहावं-तेरावं उरकून ते कामावर आले. त्यांना रडताना कोणी पाहिलं नाही. कोणी समजूत घालायला गेलं तर ऐकून घेत आणि कुंचा उचलत. त्याच सुमारास दुष्काळी कामं बघायला कोणी मंत्री येणार होते. गाडी आरशासारखी हवी, असा निरोप आला. मामांनी फडकी भिजवली, पसरली, उचलली, बोटं फिरवली. "हाताला लागतंय." पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पॉलिशची डबी टपावरसुद्धा आली नाही.

ऑफिसातून मला पाठवलं, बाई, तुमचं ऐकतील. मी गेले. त्यांनी मला मागच्या दारापाशी बोलावलं आणि म्हणाले, "हितं बघा. उलटा हात." मी हात फिरवला. काच असावी तसा रंग. गार, गुळगुळीत, कुठंही कण नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"लागतंय थोडं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि फडकं पुन्हा तांब्यात बुडवलं.

मंत्र्यांच्या दिवशी गाडी बिनपॉलिशची गेली. फाटकापर्यंत पोचेतो धुरळ्यानं पांढरी झाली. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. साहेबांच्या आलं असेल, पण ते बोलले नाहीत. पुढचा पाऊस बरा झाला, नळाला पाणी आलं, पण तोवर मामा किल्ल्या देऊन शेवगावकडं लेकीच्या गावी गेले होते. नवा ड्रायव्हर पाईप लावून गाडी भडाभडा धुवायचा. मी खिडकी लावून घ्यायची.

वर्ष-दीड वर्षानं एका लग्नासाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा चौकशी करत त्यांच्या घरी गेले. लेक दारातच भेटली. म्हणाली, "बाबा बोलत न्हाईत फारसं. गाडीचं तर नावबी काढत न्हाईत. पर पोरीच्या वेण्या तेच घालत्यात, दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाईत."

अंगणात ते बसले होते. पुढ्यात पाच-सहा वर्षांची नात, शाळेच्या झग्यात, पेंगुळलेली. तिचे केस विंचरताना गुंता लागला की ते थांबत, बोटांनी एकेक केस सोडवत आणि विचारत, "दुखतंय का?" ती मान हलवून नाही म्हणे. मला पाहून त्यांनी ओळखलं, की नुसतं कोणी आलंय म्हणून पाहिलं, कळलं नाही. एक वेणी झाली होती. रिबिनीचं फूल नीट उमललेलं होतं.

"बसा, बाई," ते म्हणाले. "एक बाजू ऱ्हायली."

मी ओट्यावर बसले. त्यांनी दुसरी वेणी घालायला घेतली. पोर झोपेनं मागं कलली, तसा त्यांनी एक गुडघा तिच्या पाठीला टेकू दिला आणि हात तसेच चालू ठेवले.