एका खेळाडूचे दोन खेळाडू

घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत मी पाच वर्षं होते. पोकर शिकू पाहणाऱ्यांसाठी आम्ही सरावाचं सॉफ्टवेअर बनवायचो. त्यात पैसे लावायचे नसत. समोर कॉम्प्युटर असायचा आणि तुम्ही त्याच्याशी खेळत राहायचं. त्या कॉम्प्युटर-प्रतिस्पर्ध्याचं काम माझ्याकडे होतं. हातात काही नसताना कोण थाप मारतो, जरा दाब आला की कोण पत्ते टाकून देतो, हे तो बघायचा आणि त्याप्रमाणे स्वतःचा खेळ बदलायचा. मला स्वतःला बदाम सातच्या पुढे पत्ते येत नव्हते. आईला याचं फार हसू यायचं. घरी आम्ही दोघीच, कोपरला.

शिकायचं तर त्या प्रतिस्पर्ध्याला खेळणारं माणूस हवं, म्हणून कंपनीने एकाला कंत्राटावर घेतलं. चाळिशीच्या आसपासचा, तिथलाच, खाडीच्या बाजूच्या जुन्या गावातला. त्याच्या आजोबांची हयात मिठागरात गेलेली. आता त्यांच्या जमिनीवर टॉवर उभे होते आणि हा त्यातल्याच एकात अकराव्या मजल्यावर आईबरोबर राहायचा. नोकरीची गरज अशी नव्हतीच. घरात बसून कंटाळा आला म्हणून आलो, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. गणपतीत त्यांच्या गावात घरोघर पत्त्यांचे डाव बसतात, तिथे तो लहानपणापासून खेळलेला. पोकर मोबाइलवर शिकला होता.

सात महिने आम्ही शेजारी-शेजारी बसलो. तो खेळायचा. प्रत्येक डावानंतर मी विचारायचे, असं का केलंत? तो सांगायचा आणि मी लिहून घ्यायचे. पहिला महिनाभर मी त्याला तुम्ही म्हणत होते आणि तो मला मॅडम. मग ते कधी गळून गेलं कळलं नाही. डब्यात सुकट असली की तो आधी विचारायचा, उघडू का, आणि मी हो म्हटलं तरी खिडकीपाशी जाऊन जेवायचा. एक दिवस मीच माझा डबा घेऊन खिडकीपाशी गेले. त्यानंतर आम्ही तिथेच जेवायला लागलो. सांगण्यासारखं म्हणाल तर एवढंच घडलं. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते आणि माझ्या लग्नाचा विषय आईनेही सोडून दिलेला. सकाळी निघताना कपाटासमोर मी जास्त वेळ उभी राहते, हे माझ्या लक्षात येत होतं. स्वतःशीसुद्धा मी ते बोलले नाही.

कंत्राट संपलं त्या दिवशी त्याने सगळ्यांसाठी वडापाव मागवले. जाताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाला, "येतो." मी म्हटलं, "ये." आणि तो गेला.

पंधरा-वीस दिवसांनी आमच्या साहेबांनी एक तक्रार माझ्याकडे दिली. प्रतिस्पर्ध्याने प्रत्येक माणसाची एकच नोंद ठेवायला हवी, पण कंत्राटावरच्या या खेळाडूच्या खात्यात त्याने दोन नोंदी केल्या होत्या, जणू तिथे दोन वेगळी माणसं खेळत होती. एक बिनधास्त. पटापट खेळणारा, हातात काही नसताना बेधडक थापा मारणारा, समोरच्याला श्वास घेऊ न देणारा. दुसरा सावकाश. प्रत्येक चालीला वेळ घेणारा, थापा जवळजवळ नाहीतच, वाईट पत्ते आले की गुपचूप टाकून देणारा. साहेबांना वाटलं, दुसऱ्या कुणीतरी त्याचं खातं वापरलं. मलाही तसंच वाटलं.

मी तारखा काढून बसले. बिनधास्त खेळाडू एकदा सलग अकरा दिवस दिसत होता. ते अकरा दिवस आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी रजेवर होते. पुढे तो तीन दिवस दिसला, तेव्हा मी मामेबहिणीच्या लग्नाला गेलेले. तरी मी मनाला सांगितलं, योगायोग असेल. मग एक सकाळ सापडली. त्या दिवशी रस्त्यावर कंटेनर उलटला होता आणि माझी बस दीड तास जागची हलली नव्हती. अकराला दहा मिनिटं कमी असेपर्यंत बिनधास्त खेळाडू खेळत होता. तिथून पुढे दिवसभर दुसरा.

अकराला दहा मिनिटं कमी असताना मी येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

मी स्क्रीन बंद केला आणि पाणी प्यायला गेले. परत येऊन पुन्हा तेच पाहिलं. सात महिने मी ज्याच्याकडे रोज बघत होते, त्याच्यातला तो बेधडक माणूस मला एकदाही भेटला नव्हता. तो मला एकदा तरी बघायचा होता. अजूनही ते मनातून जात नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, खेळाडू एकच आहे, दोष नाही. साहेबांनी विचारलं, मग असं का? मी म्हटलं, काही लोक खेळतात तसं.

त्याला फोन करायला मी तीन आठवडे लावले. कामाचं असल्यासारखा आवाज काढून विचारलं की तुझ्या खेळात दोन तऱ्हा दिसतात, त्याचं काय कारण असेल. तो म्हणाला, "तू विचारायचीस ना, असं का केलं. मग सांगता येईल असंच खेळायचो."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. इतकं साधं कारण होतं आणि मी काय काय रचून ठेवलेलं. थँक्स म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आणि डाव लवकर संपवायचा नसायचा मला."

त्याच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्यानेच सांगितलं की मागच्या आठवड्यात साखरपुडा झाला, मुलगी आईच्या नात्यातली आहे, चांगली आहे. मी अभिनंदन केलं. त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. हळदीला नक्की ये, असं त्याने दोनदा सांगितलं.

मी गेले. गावाच्या गल्लीत मांडव होता आणि बेंजो-पथकाच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. तो हळदीने माखलेला, पाटावर बसलेला. मला पाहून त्याने आईला खुणेने जवळ बोलावलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या सावकाश चालत माझ्याकडे आल्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी मला नीट निरखलं. मग कानाशी येऊन म्हणाल्या, "मंग आदी का नाय आयलीस गो?"

पाहुण्याला कुणीही म्हणेल तसंच त्या म्हणाल्या असतील. मी म्हटलं, ऑफिसमधून वेळच मिळायचा नाही. त्यांनी हात सोडला नाही. माझ्यासाठी ताट मागवलं आणि मी जेवून उठेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिल्या.